टॅबवरचा खेळ वर्गात घेण्याआधी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या अनेक शाळांत आता स्मार्ट टीव्ही आहे, चार-सहा टॅब आहेत, निदान एक-दोन संगणक तरी आहेत. कुठे लोकवर्गणीतून आले, कुठे एखाद्या कंपनीच्या मदतीतून, कुठे माजी विद्यार्थ्यांनी दिले. यंत्र आले की मागोमाग खेळ येतात. पाढ्यांचे, शब्दांचे, नकाशांचे, इंग्रजी स्पेलिंगचे. काही पेन ड्राइव्हमध्ये भरून मिळतात, काही दरवर्षी पैसे मागतात, काही फुकट असतात. विक्रेता मुख्याध्यापकांच्या टेबलावर दहा मिनिटे खेळ दाखवतो, खिडकीतून डोकावणारी मुले खूश होतात आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे कोटेशन येते. समितीतले पालक शिक्षकांकडे बघतात, कारण घ्यायचे की नाही हे शेवटी शिक्षकांनीच सांगायचे असते. ते कसे ठरवावे, त्यासाठी हा लेख आहे.

मुले रमली, एवढ्यावर निर्णय घेऊ नका. मुले कशातही रमतात. टॅब हातात आला की पहिला आठवडा सगळेच खेळ आवडतात. तुम्ही एकच प्रश्न धरून बसा: या खेळात जिंकण्यासाठी मुलाला जे करावे लागते, तेच मला शिकवायचे आहे का?

पाढ्यांच्या खेळाचे उदाहरण घेऊ. ससा धावतो, उड्या मारतो, गाजरे गोळा करतो. मधेच फाटक लागते आणि ‘सात आठे किती?’ असा प्रश्न चार पर्यायांसह येतो. चुकले तर लाल फुली दिसते आणि पुन्हा उत्तर देता येते. दोन दिवसांत मुलांच्या लक्षात येते की चारही बटणे भराभर दाबली की फाटक उघडते. ससा पुढे जातो, गाजरे वाढतात, पाढा तिथेच राहतो. इथे खेळ उड्या मारण्याचा आहे आणि पाढा हा त्यातला अडथळा आहे. मुलाला पाढ्यापासून लवकरात लवकर सुटायचे असते, आणि खेळच त्याला ती सवय लावतो.

याची उलट बाजू इंग्लंडमधल्या एका प्रयोगात दिसली. जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी ‘झॉम्बी डिव्हिजन’ नावाचा भागाकाराचा खेळ तयार केला आणि त्यावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. समोरून येणाऱ्या सांगाड्याच्या छातीवर एक संख्या असते. त्या संख्येला निःशेष भाग जाईल असेच शस्त्र निवडले तर सांगाडा पडतो. म्हणजे भाग जातो की नाही हे ओळखणे हीच लढाई. याच खेळाची दुसरी आवृत्तीही केली होती. तिच्यात लढाई नुसतीच होती आणि गणिते दोन टप्प्यांच्या मधे विचारली जात. दोन्हींना सारखाच वेळ दिला, तेव्हा पहिल्या आवृत्तीची मुले जास्त शिकली. मुलांना हवी ती आवृत्ती निवडू दिली, तेव्हा त्यांनी पहिलीवर सातपट वेळ घालवला. ज्या खेळात विषयच खेळाचा गाभा असतो, तो मुलांना जास्त आवडतोही.

हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. शाळा सुटल्यावर टॅब घेऊन बसा आणि प्रश्न अजिबात न वाचता खेळा. कुठलेही बटण दाबत जा. तरीही तिसऱ्या-चौथ्या टप्प्यापर्यंत पोहोचलात, तर तो खेळ बाजूला ठेवा. मग दुसऱ्यांदा मुद्दाम, पण विचारपूर्वक चुका करा: तुमच्या वर्गातली मुले जशी चुकतात, तशा. ५२ वजा २७ हे गणित घ्या. हातचा न घेता, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून ३५ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. खेळाच्या पर्यायांत ३५ आहे का? आणि ते निवडल्यावर खेळ काय करतो? नुसते ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो, की एक दशक सुटा करून दाखवतो? चुकीचे पर्याय जर ११, ८० आणि ९३ असे कसेही टाकलेले असतील, तर तो खेळ करणारा माणूस वर्गात उभा राहिलेला नाही असे खुशाल समजा. खेळाची पारख माझ्या मते सर्वांत चांगली होते ती त्याच्या चुकीच्या पर्यायांवरून. बरोबर उत्तर कोणालाही लिहिता येते.

गणिताच्या खेळात मराठी मुलांची आणखी एक खास अडचण असते. इंग्रजी खेळाचे भाषांतर करणाऱ्याला ती सुचतच नाही. ‘एकोणसाठ’ ऐकले की लहान मुलाच्या कानात ‘साठ’ राहते आणि ते ६९ लिहून मोकळे होते. ‘पंचेचाळीस’ आणि ‘चोपन्न’ यांत ४५ आणि ५४ची अदलाबदल होते. आपल्या संख्यावाचनात एकक आधी बोलला जातो आणि लिहिताना दशक आधी लिहावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’च्या जोडीला ‘वीस तीन’ असेही वाचन दिले, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांची हीच अडचण मांडली होती. त्या वादात तुमचे मत काहीही असो, अडचण खरी आहे. म्हणून संख्यांचा खेळ बघताना आवाज सुरू करा. संख्या मराठीत ऐकू येते का? की हिंदीतले ‘उनसठ’ येते? एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ यांवर भरपूर सराव आहे का? बहुतेक खेळांत तो नसतो, कारण ५९ ही संख्या इंग्रजीत अवघड नाही. अंक देवनागरी आहेत की इंग्रजी, आणि तुमच्या इयत्तेत कोणते चालतात, हेही पाहा. पहिलीच्या मुलाला एकाच वेळी संख्या आणि अनोळखी अंकचिन्ह अशी दोन ओझी देऊ नका.

चित्रांविषयी मात्र मी तेवढा आग्रह धरणार नाही. खेळात बर्फाचे घर दिसले, सफरचंदाची बाग दिसली, तरी निमगाव केतकीच्या पानमळ्यातल्या मुलाचे काही बिघडत नाही. मुले परकी दुनिया आनंदाने बघतात. ‘आमच्या खेळात बैलगाडी आणि ऊस आहे’ असे सांगून कोणी खेळ विकत असेल, तर भुलू नका. चित्र परके असले तरी चालेल, सूचना परकी नको. ‘योग्य पर्यायाची निवड करून पुढे अग्रेषित व्हा’ असली मराठी तिसरीच्या मुलाने वाचायची नसते. सूचना वाचून दाखवणारा आवाज असावा, तो साधा असावा आणि पुन्हा ऐकता यावा.

आता वेळापत्रकाविषयी. खेळ चांगला असूनही वर्गाचे नुकसान होऊ शकते, आणि याचे सर्वांत जवळचे पुरावे आपल्या शेजारच्या गुजरातेत आहेत.

बडोद्यात २००२ ते २००४ या दोन शैक्षणिक वर्षांत ‘प्रथम’ संस्थेने महापालिकेच्या शाळांत चौथीच्या मुलांसाठी गणिताचे संगणकी खेळ चालवले. शाळांना सरकारकडून संगणक मिळालेले होते. एका संगणकावर दोन मुले बसत. आठवड्याला दोन तास: एक तास शाळेच्या वेळेत, एक तास शाळेच्या आधी किंवा नंतर. मुलाला जे येते त्यानुसार गणिताची पातळी वाढत जाई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कार्यक्रम तपासला आणि निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध केले. गणितातली प्रगती पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन इतकी होती. सोप्या भाषेत, शंभर मुले गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर बरोबर मधले मूल पहिल्या वर्षी तेरा-चौदा जागा आणि दुसऱ्या वर्षी अठरा जागा पुढे सरकेल. शिक्षणाच्या प्रयोगांत एवढा फरक क्वचित दिसतो. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा तपासले, तेव्हा फायदा ०.१० पर्यंत उतरला होता. आणि गणिताच्या खेळाने भाषा सुधारली नाही. ज्याचा सराव केला तेच आले.

दुसरा प्रयोग त्याहून महत्त्वाचा आहे. ली लिंडन यांनी गुजरातमधल्या ‘ग्यान शाला’ संस्थेच्या शाळांत २००४ ते २००६ दरम्यान दुसरी-तिसरीच्या मुलांसोबत एकच संगणकी कार्यक्रम दोन तऱ्हांनी चालवून पाहिला. आधी तो शिकवण्याच्या वेळेतला तास काढून दिला. मुले ०.५७ प्रमाण विचलनाने मागे पडली. नंतर तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर, जादा म्हणून दिला. मुले ०.२८ ने पुढे गेली, आणि कच्च्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. संगणक तोच, गणिते तीच. फरक एवढाच की पहिल्या वेळी खेळाने चांगल्या शिक्षकाचा तास खाल्ला.

या निष्कर्षावरून आपल्या शाळांनी काय घ्यावे? माझे म्हणणे असे: तुम्ही समोर उभे राहून शिकवता तो वेळ खेळाला देऊ नका. तुम्ही शिकवू शकत नाही तो वेळ द्या. द्विशिक्षकी शाळेत असा वेळ भरपूर असतो. सुप्याकडच्या जिरायती भागातली छोटी शाळा असो की भिगवणजवळ उजनीच्या पाण्याकाठची वस्ती, शिक्षक तिसरीला भागाकार समजावत असतात तेव्हा पहिली-दुसरीची मुले फळ्यावरचे उतरवत बसतात. त्या उतरवण्याच्या जागी खेळ आला, तर तो फायद्याचाच. सकाळी लवकर येणाऱ्या मुलांसाठी, पावसाच्या दिवशी मैदानावर जाता येत नाही तेव्हा, मधल्या सुट्टीनंतर मुले सावरेपर्यंत, असेही वेळ आहेत. पण खेळाच्या कंपनीने छापून दिलेले ‘रोज चाळीस मिनिटे’ असे वेळापत्रक तासिकेत बसवायला जाऊ नका.

तिसरा पुरावा दिल्लीचा आहे. २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात २१४ बालवाड्यांतल्या १,५४० मुलांना चार महिने संख्या आणि आकारांचे खेळ दिले होते. ते पडद्यावरचे नव्हते, मुलांनी एकत्र बसून खेळायचे होते. कमी-जास्त ओळखणे, वेगळा आकार हेरणे अशा सरावलेल्या गोष्टींत मुले सुधारली आणि ती सुधारणा टिकली. पण पुढे पहिलीत गेल्यावर शाळेचे गणित शिकण्यात त्यांना इतरांपेक्षा काही फायदा दिसला नाही. खेळातले कौशल्य आपोआप पुस्तकातल्या गणितात उतरत नाही. ते उतरवायला मधे कोणीतरी लागते, आणि ते तुम्ही. खेळ झाल्यावर पाच मिनिटे ‘आता हेच पाटीवर मांडून दाखव’ असे म्हणणारा शिक्षक नसेल, तर खेळातले खेळातच राहते.

म्हणून विकत घेण्याआधी स्वतःच्या वर्गात चाचणी घ्या. विक्रेत्याकडे चाचणी पूर्ण होईपर्यंत वापरायला मागा. जो द्यायला तयार नाही, त्याचा माल घेऊ नका. दहा प्रश्नांचा एक कागद तयार करा. त्यातले सहा खेळात येतात तसेच असावेत, चार खेळात कधीच येत नाहीत असे. वजाबाकी-बेरजेचा खेळ असेल तर त्या चारांत शाब्दिक उदाहरणे घाला: डेअरीत सकाळी १८ लिटर आणि संध्याकाळी १४ लिटर दूध घातले, त्यातले ७ लिटर परत आले, वगैरे. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. हुशार मुले एका बाजूला गेली तर सगळी चाचणी फुकट जाते, म्हणून चिठ्ठ्याच टाका. एक गट हा खेळ खेळेल. दुसरा तेवढाच वेळ दुसऱ्या विषयाचा कोणताही खेळ खेळेल, म्हणजे कोणाला हिरमुसायला नको. सुरू करण्याआधी एकदा, तीन आठवड्यांनी एकदा आणि त्यानंतर महिनाभर खेळ बंद ठेवून पुन्हा एकदा, असा कागद तीन वेळा सोडवून घ्या. दर वेळी आकडे बदला, प्रश्नांचा प्रकार तोच ठेवा. मग गटांची अदलाबदल करा.

खेळासारख्या सहा प्रश्नांत मुले पुढे गेली आणि उरलेल्या चारांत जिथल्या तिथे राहिली, तर खेळ चालला पण शिकणे पडद्याबाहेर आले नाही. चारांतही पुढे गेली, तर पैसे द्यायला हरकत नाही. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक योगायोगानेही पडतो, तेव्हा तेवढ्यावर उड्या मारू नका. शेजारच्या दोन-तीन शाळांनी तोच कागद वापरला तर चित्र पुष्कळ स्पष्ट होते. खेळाने स्वतः दाखवलेले तारे, नाणी, ‘८५ टक्के प्रगती’ असले तक्ते या हिशोबात धरायचे नाहीत. स्वतःच्या पेपराला स्वतःच गुण देणारा विद्यार्थी आपण कधी मान्य करतो का?

चाचणी कधी घ्यायची, यालाही आपल्या भागात महत्त्व आहे. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते. त्या दिवसांत वाटेवरच्या गावांत नेहमीचे वेळापत्रक चालत नाही. दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम रंगात येतो आणि ऊसतोड कामगारांची मुले वर्गात दाखल होतात, वर्गाची घडीच बदलते. ऑगस्ट-सप्टेंबर हा त्यातल्या त्यात शांत काळ.

या ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी खेळाची एक वेगळी कसोटी लावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी या कारखान्यांच्या परिसरात दर हंगामाला बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून टोळ्या येतात. मूल चौथीत दाखल होते पण वाचन दुसरीचे असते, आणि मार्चमध्ये ते निघूनही जाते. या मुलाला खेळ कुठून सुरू करता येतो? आधी शंभर टप्पे पार केल्याशिवाय हवा तो भाग उघडत नसेल, किंवा प्रत्येक मुलाच्या नावाने वेगळे पैसे मोजावे लागत असतील, तर हा खेळ ज्याला सर्वांत गरज आहे त्यालाच बाहेर ठेवतो. विक्रेत्याला थेट विचारा: नोव्हेंबरमध्ये आठ मुले वाढली तर काय? नाव न नोंदवता खेळता येते का? मुलाला त्याच्या पातळीवर सोडता येते का? बडोद्याच्या कार्यक्रमातही गणित मुलाच्या इयत्तेप्रमाणे नव्हे, त्याला येत होते तिथून पुढे जाई.

यंत्राच्या बाबी थोडक्यात. इंटरनेट बंद करून खेळ चालवून पाहा, कारण उसाच्या फडातल्या वस्तीवर रेंज मिळेलच असे नाही. वीज गेल्यावर मुलाची प्रगती जपली जाते का, तेही पाहा. जुन्या टॅबवर चालतो का, हे शाळेच्याच टॅबवर बघा, विक्रेत्याच्या नव्या टॅबवर नाही. एका टॅबवर दोन मुले बसणार असतील तर वाईट वाटून घेऊ नका, बडोद्यात तशीच बसत होती. फक्त बोट एकाचेच चालत राहू नये, पाच मिनिटांनी पाळी बदला. अनेकदा मुलींच्या वाट्याला बघणेच येते, तिकडे लक्ष ठेवा.

फुकटच्या खेळांत जाहिराती असतात, आणि त्या पैज लावण्याच्या ॲपच्याही असू शकतात. असा खेळ शाळेच्या टॅबवर नकोच. मुलाचे नाव, फोटो, पालकांचा मोबाइल नंबर मागणारा खेळ असेल तर थांबा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शिक्षकाने स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन वर्गातल्या सगळ्यांची नावे भरून टाकणे म्हणजे ती संमती नव्हे.

पैसे खर्च करण्याआधी तीन फुकट गोष्टी जरूर पाहा. ‘जीकॉम्प्री’ हा दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा मुक्त संच आहे. त्यात जाहिराती नाहीत आणि तो इंटरनेटशिवाय चालतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातली विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. अपूर्णांक आणि विद्युतमंडल यांसाठी उच्च प्राथमिक वर्गांना ती फार उपयोगी पडतात. आणि सातवी-आठवीच्या मुलांना खेळ देण्यापेक्षा ‘स्क्रॅच’ देऊन स्वतःचा खेळ करायला लावा. तिसरीच्या मुलांसाठी पाढ्यांचा खेळ बनवताना मोठ्या मुलांना चुकीचे पर्याय स्वतः शोधावे लागतील आणि लहान मुले कुठे चुकतात हे जाऊन विचारावे लागेल.

पुढच्या केंद्र शिक्षण परिषदेत कोणी एखाद्या खेळाची शिफारस केली, तर त्यांच्याकडे मुलांनी सोडवलेले कागद मागा: आधीचे, नंतरचे आणि महिनाभराने घेतलेले. तुम्ही शिफारस करणार असाल तर तुमचेही घेऊन जा, ज्या मुलांना काहीच फरक पडला नाही त्यांच्या कागदांसह.